व्हॅम्पायरच्या तोंडातले शाईचे सुळे

दात कोरून पोट भरत नाही म्हणतात, पण कवळीवाल्यांचं दात बनवून चांगलं भरत होतं. दुकानामागच्या खोलीत मेण, प्लॅस्टर, लोकांच्या जबड्यांचे साचे. डोक्यात मात्र जुने कृष्णधवल व्हॅम्पायरपट. कुठला मेकअप ठरला होता आणि पडद्यावर आलाच नाही, यावर ते गिऱ्हाइकाला आ करायला लावून व्याख्यान झोडत. बिचारं गिऱ्हाईक बोलणार तरी काय!

जुन्या बाजारात त्यांना एक फोटो मिळाला. व्हॅम्पायरचा काळा झगा घातलेला नट, तोंड उघडं, आणि वरचे समोरचे दात गायब. सिनेमात हा नट ओठ मिटूनच वावरे. त्या मिटलेल्या ओठांनीच लोकांना धडकी भरे. झालं! कवळीवाल्यांनी उचलली जीभ लावली टाळ्याला: दात काळ्या रंगाने झाकलेत, रक्त प्यायल्यावर तिथे सुळे उगवायचे होते, आणि घाबरट दिग्दर्शकाने ऐनवेळी बेत गुंडाळला. लोकांना नीट कळावं म्हणून त्यांनी फोटोवरच पक्क्या शाईने दोन सुळे काढले.

फिल्म क्लबात त्याच नटाच्या सिनेमाआधी त्यांनी तो फोटो पडद्यावर मोठा करून दाखवला. "बघा हे बोळकं!" म्हणताच हॉल खो खो हसला. कवळीवाले फुलून गेले.

सिनेमा संपल्यावर एक म्हातारी काठी टेकत आली. "फोटोत आहेत ना, त्यांची मी बायको. त्यांच्या सिनेमाची जाहिरात वाचून आले. मेकअप नव्हता हो तो. हिरड्यांच्या दुखण्यात दात गेले होते त्यांचे. म्हणून तर ओठ मिटून काम केलं."

कवळीवाल्यांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. जन्मभर लोकांच्या तोंडात बोटं घातलेला माणूस! बसलेली हिरडी, आत गेलेला ओठ, सगळं फोटोत ढळढळीत दिसत होतं. दुकानात कुणी असल्या तोंडाला हसला असता, तर त्याला त्यांनी हाकलूनच दिलं असतं.

"चुकलो, आजी. माफ करा."

"जाऊ द्या हो. मुलगी झाल्याचा निरोप सेटवर गेला, तेव्हा तोंडभर हसले आणि कुणीतरी फोटो काढला, असं सांगायचे. तो हाच. घरातल्या एकूण एक फोटोत त्यांच्या तोंडावर हात आहे. नातवंडांना दाखवायला हसरा एकही नाही." मग संकोचत म्हणाली, "मला द्याल? ते सुळे तेवढे पुसून."

कवळीवाल्यांनी सुळ्यांवर बोट घासून पाहिलं. "पुसले जात नाहीत, आजी. शाई पक्की आहे."

"बरं. असाच द्या मग."

त्यांनी खाली मान घालून फोटो दिला. म्हातारीने फोटो उजेडात धरला, नवऱ्याच्या तोंडावर अंगठा ठेवला आणि त्याच्या हसऱ्या डोळ्यांकडे बघत राहिली.