जानीचा हंडा

कपाट आवरताना साड्यांखाली लाल साबणाची वडी सापडली. त्या वासासरशी मी करोनातल्या मे महिन्यात, वाणगावपलीकडच्या एका पाड्यावर जाऊन उभी राहिले.

आमच्या चर्चच्या बायका तिथे घरोघर तांदूळ, डाळ आणि साबण वाटत होत्या. मी तेव्हा साठीची होते, पण शहाणपण अजून यायचं होतं. नुसतं वाटून माझं मन भरेना. मग जानी नावाच्या एका बाईच्या अंगणात तिची पोरं गोळा केली आणि त्यांना हात धुवायला शिकवू लागले. संडे स्कूलचं गाणं संपेपर्यंत फेस चोळायचा आणि मग तांब्या-तांब्याने पाणी ओतायचं. पोरं खूश!

"आजी, आनखी एकदा!"

मला वाटलं, काय माझा गळा! तीनदा गायले.

पोरांची आई जानी हंड्यात डोकावली. "आजी, पानी संपलं."

"मग आण की गं."

"विहीर पार खाली हाय. सकाळधरनं एवढा एकच हंडा गावला. तुमचा तांदूळ आता कशात शिजवू?"

एका हाताने मी तांदूळ दिला होता आणि दुसऱ्या हाताने तो शिजवायचं पाणी सांडलं होतं. जानी हंडा घेऊन भर उन्हात उतार उतरू लागली. मी मास्कआडून म्हणाले, "देव तुझं भलं करो." तिने वळूनसुद्धा पाहिलं नाही.

शेजारच्या घरी गेले. तिथल्या बाईने हे सगळं पाहिलं होतं. तिने आधी आपला हंडा उचलून आत नेला, मग दारात येऊन म्हणाली, "या आजी. गानी ऱ्हाऊ द्या, तांदूळ द्या."