रेगेअण्णांचा सत्कार, मार्वेच्या पाण्यावर

मुलुंडला आमची पाचसहाजणांची संध्याकाळची बैठक, आणि त्यात रेगेअण्णा! किस्से जमवायला कष्टच पडले नाहीत. एक सांगून संपेपर्यंत अण्णांचा दुसरा तयार!

अण्णा आठवडाभर विमा कंपनीत हेडक्लार्क, आणि दुसऱ्या महायुद्धापासून नौदलाच्या राखीव दलात लेफ्टनंट. रविवारी पांढराशुभ्र युनिफॉर्म घालून परेडला निघाले, की अख्खी चाळ वाट द्यायची. मी नाही द्यायचो. इस्त्री माझ्याकडची न्यायचे ना!

*

थंडीत चाळीमागच्या भातखाचरांवर धुकं पसरायचं. अण्णा चहाचा कप घेऊन गॅलरीत तासभर उभे.

"काय दिसतं हो एवढं?"

"काही नाही रे. पलीकडचा काठ दिसत नाही, तोवर मजा आहे!"

मीही उभा राहिलो. ऑफिसात लेट मार्क!

*

एकदा दुपारी ऑफिसात अण्णा टेबलाशी डोळे मिटून बसलेले. साहेब खेकसला, "रेगे, झोपलात काय?"

"नाही सर. वारा फिरलाय, तो ऐकतोय."

साहेबाने म्हणे हळूच खिडकी उघडली आणि स्वतःच कान लावून उभा राहिला.

*

रेगेकाकू मात्र समुद्राच्या वाऱ्यालाही उभ्या राहत नसत. चौपाटीवर नेलं तरी पाठ करून भेळ खायच्या. मी एकदा त्यावरून चेष्टा केली. अण्णांनी मला बाजूला घेतलं.

"लढाईत मी बोटीवर होतो तेव्हा आमचा पहिला मुलगा तापाने गेला. मला तार मिळाली अकरा दिवसांनी."

मग म्हणाले, "एकदा माझ्याबरोबर पाण्यावर यावी, एवढंच वाटतं रे. पण मागू कुठल्या तोंडाने?"

मला फार वाईट वाटलं. ती चेष्टा मी पुन्हा केली नाही.

*

अण्णा राखीव दलातून निवृत्त झाले. आम्ही सत्कार ठरवला, तर शाल-नारळ नको म्हणाले. नौदलात म्हणे जाणाऱ्या अधिकाऱ्याला होडीत बसवतात आणि सोबतीच वल्ही मारतात.

"मग आपण मारू!" आमचा नाडकर्णी ओरडला. अंगणात बाकं मांडून, हातात बांबू घेऊन आमची प्रॅक्टिस सुरू. दोन दिवस अण्णा वरून बघत होते. तिसऱ्या दिवशी राहवलं नाही.

"अरे गाढवांनो, उलटे बसा! जायचंय तिकडे पाठ करायची असते!"

"मग कुठे चाललोय ते कळणार कसं?"

"म्हणून तर अधिकारी लागतो!"

*

मार्वेहून खाडी ओलांडून मनोरीच्या बाजूला जायचं ठरलं. होडी तिथल्या एका कोळ्याची, सुकाणूवर तोच. काकू धक्क्यापर्यंत आल्या, डबा सांभाळत. त्या तिथेच थांबणार, हे सगळ्यांनी धरलेलं. अण्णा होडीत बसले. काकूंकडे बघायचंही टाळत होते बिचारे.

आम्ही वल्ही उचलली, आणि काकूंनी लुगडं जरा वर खोचलं.

"अहो, सरका जरा."

अण्णा सरकले. नाडकर्णीने डबा घेतला आणि काकू होडीत उतरल्या!

ऊन कोवळं होतं, पाणी दुधासारखं. आमची वल्ही एकमेकांवर आपटत होती, होडी आपली डुलत चाललेली. खाडीच्या मध्यावर काकूंनी हळू विचारलं,

"त्या दिवशी तुम्ही कुठे होतात?"

अण्णांनी उघड्या समुद्राकडे हात केला. काकू तिकडे बघत राहिल्या, कितीतरी वेळ. आमची वल्ही आपोआप थांबली.

मग काकू आमच्याकडे वळल्या.

"थांबलात का रे? चला, आणखी थोडं पुढे!"