कानवालीच्या डोक्यावरचा अलार्म

तुमच्या घरात छताला तो बशीएवढा पांढरा अलार्म आहे ना? बटण दाबलं की तो वाजतो, हे तुम्हाला ठाऊक आहे. पण घरातल्या प्रत्येकाला तो ऐकू येतो, हे तुम्ही कशावरून सांगता?

चटकन उत्तर देऊ नका. शिडीताईनेही चटकनच दिलं होतं.

शिडीताई म्हणजे घरोघरी वायरिंगची कामं करणारी बाई. खांद्यावर घडीची शिडी घेऊन फिरायची, त्यामुळे जिन्याच्या वळणावर आधी शिडी दिसायची आणि मग ती. कामाला चोख, तोंडाने फटकळ. ती राहायची ती भाड्याची इमारत जुनी, एकच अरुंद जिना, मध्ये अंगण, वरच्या मजल्यापर्यंत खोल्यांना खोल्या चिकटलेल्या. अशा इमारतीत आग लागली तर माणसं कुठून पळणार, हा प्रश्न तिने मालकांना इतक्या वेळा विचारला, की ते तिला बघून रस्ता बदलायला लागले. शेवटी एकदाचे त्यांनी खोकंभर अलार्म आणले. सगळे एकाच जातीचे, धुराचे. आणि वॉचमनला सांगितलं, ठोक.

वॉचमनने ठोकले. जिथे स्क्रू सहज जाईल तिथे ठोकले. स्वयंपाकघरात तर थेट शेगडीच्या डोक्यावर. मग काय, कांदा परतला की बोंब, कढई तापली की बोंब. चार दिवसांत लोक वैतागले. कुणी अलार्मला अंघोळीची प्लास्टिकची टोपी घातली, कुणी त्यातले सेल काढून भिंतीवरच्या घड्याळात घातले. घड्याळं मात्र झकास चालू होती.

शिडीताईच्या तळपायाची आग मस्तकात गेली. ती मालकाच्या दारात जाऊन उभी राहिली.

"मालक, स्वयंपाकघरात धुराचा लावत नाहीत. तिथे उष्णतेचा लागतो. तो कांद्याला घाबरत नाही, खोली भट्टीसारखी तापली तरच ओरडतो. धुराचा लावायचा जिन्यात, बोळात आणि झोपायच्या खोलीत."

"अहो ताई, अलार्म तो अलार्म."

"असं का? मग उद्यापासून चपला डोक्यावर घाला. घालायची वस्तू ती घालायची वस्तू!"

आतून मालकीणबाई खुदकन हसल्या आणि मालक नमले. शिडीताईने सगळे अलार्म उतरवले आणि नव्याने, जागच्या जागी बसवले. स्वयंपाकघरात उष्णतेचे, बाकी ठिकाणी धुराचे. शिवाय सगळे एकमेकांना जोडून टाकले. तळाशी एक वाजला की वरपर्यंत सगळे कोकलणार. त्या दिवशी ती शिडीवर अशी उभी होती, जसा काही गड सर केलाय.

वरच्या मजल्यावर, अगदी टोकाच्या खोलीत, तिची मावशी एकटी राहायची. आख्खी इमारत तिला कानवाली म्हणायची. कारण हिच्याइतके तिखट कान कुणाचेच नव्हते. अंगणापलीकडच्या खिडकीत कुणी कुजबुजलं तरी हिला पत्ता लागायचा.

"समोरची म्हणतेय, तुझ्या जिभेला धार लावायला वेगळा दगड लागत नसेल," भाजी निवडता निवडता मावशी सांगायची.

"मावशी! एवढ्या लांबचं ऐकलंस तू?"

"कान आहेत माझे, कार्टे. कपाटाच्या कड्या नाहीत."

बायका खिडक्या लावून बोलायला लागल्या, तरी काच पारदर्शक असेपर्यंत काही लपत नव्हतं. आता तुम्ही विचाराल, काचेतून ऐकू कसं येईल? हाच प्रश्न कुणाला पडला नाही. शिडीताईलासुद्धा नाही. आणि तिला तर सगळं माहीत होतं.

मावशीची उमेदीची सगळी वर्षं कापड विणायच्या मागांच्या शेडमध्ये गेली होती. रांगेने लोखंडी माग, दोरा नेणारे धोटे इकडून तिकडे आपटतायत, पायाखालची फरशी थरथरतेय. शेजारच्या बाईने कानाशी किंचाळलं तरी ऐकू यायची सोय नाही. म्हणून तिथल्या बायका आवाज न काढता बोलायच्या, फक्त ओठांनी. चार माग पलीकडची बाई सासूचं गाऱ्हाणं सांगायची आणि अलीकडची पोट धरून हसायची. शिडीताई लहान असताना मावशीने तिलाही तो खेळ शिकवला होता. तिने तो खेळ म्हणूनच लक्षात ठेवला. शेडमधल्या आवाजाने कानांचं काय होतं, तिकडे तिचं डोकं गेलंच नाही.

अलार्म बसवल्यावर तिने मावशीच्या खोलीत चाचणी घेतली होती. दारात शेजारीपाजारी जमले होते. तिने बटण दाबलं, सगळ्यांनी कानांत बोटं घातली, तोंडं वाकडी केली. मावशीनेही दोन्ही हात कानांवर दाबले. "अगं बंद कर बये, पडदे फाटतील!" सगळे हसले. शिडीताई शिडी उचलून पुढच्या खोलीत गेली. झालं, पास.

मग एका दुपारी तळमजल्यावरच्या शिंपिणीने गरम इस्त्री कपड्यावर तशीच ठेवली आणि ती दारात आलेल्या गिऱ्हाइकाशी बोलत बसली. कपडा पेटला नाही, पण धुमसला. बोळात धूर गेला आणि आख्खी इमारत किंचाळली. कामं टाकून सगळे अंगणात धावले, ओल्या हातांनी, अर्ध्या वेणीने. कुणी म्हातारीला धरून आणत होतं, कुणी पोराला काखोटीला मारून. शिंपिणीने इस्त्री उचलली होती, कपड्यावर पाणी ओतलं होतं. भीतीचं काही नव्हतं. शिडीताई सगळ्यांवरून नजर फिरवत होती, मनातून खूश होती. बघा, कशी धावली माणसं!

आणि तिच्या लक्षात आलं, मावशी नाही.

जिना ती कशी चढली, तिचं तिला ठाऊक नाही. वर खोलीचं दार नुसतं लोटलेलं. छतावर लाल दिवा लुकलुकतोय, अलार्म डोकं फुटेल असा ओरडतोय, आणि त्याच्या बरोब्बर खाली, भिंतीकडे तोंड करून, मावशी उशीचा अभ्रा शिवत बसली होती. गुणगुणत.

शिडीताई उंबऱ्यातच थबकली.

"मावशी," ती म्हणाली.

सुई वर आली. दोरा ताणला गेला. सुई खाली गेली.

"मावशी, उठ!"

मावशीने दोरा दाताने तोडला.

शिडीताईने कितीतरी अलार्म बसवले होते, पण वाजणाऱ्या अलार्मखाली इतकं निवांत बसलेलं माणूस तिने कधी पाहिलं नव्हतं. तिच्या तोंडून निघून गेलं, "मावशी, घर जळतंय गं." मावशीची मान हलली नाही.

मग ती एक पाऊल पुढे आली, तिची सावली अभ्र्यावर पडली, आणि मावशी वळली. हसली.

"अगंबाई, कधी आलीस? चहा टाकू?" आणि मग भाचीचा चेहरा बघून तिचं हसू मावळलं. तिने वर पाहिलं, लाल दिव्याकडे. परत भाचीकडे.

"वाजतोय?" तिने विचारलं.

अलार्म डोक्यावर बोंबलत होता, आणि ती विचारत होती, वाजतोय का.

खालचा धूर निवळला, इमारत गप्प झाली. शिडीताई मावशीच्या पलंगावर टेकली. आणि मग ती उसळली, कारण घाबरली की ती उसळतेच.

"मला फसवलंस! त्या दिवशी कानांवर हात ठेवलेस!"

"सगळ्यांनी ठेवले, म्हणून मीही ठेवले. वाटलं, वाजत असणार. तुझी फजिती कशाला करायची?"

"कधीपासून ऐकू येत नाही?"

"येतं की! दार आपटलं की येतं. ढोल येतो, पुरुषांचं बोलणं येतं. तुझं तर तू ओठ हलवायच्या आधीच कळतं मला." मावशीने अभ्रा मांडीवर सरळ केला. "बारीक आवाज तेवढे गेले. आता या चिमण्याच बघ ना. खिडकीत येऊन बसतात, पण हल्लीच्या चिमण्या बोलत नाहीत."

खिडकीच्या गजावर तेव्हाही दोन चिमण्या होत्या. त्यांनी नुसता कलकलाट मांडला होता. शिडीताईने त्यांच्याकडे पाहिलं, मग मावशीकडे.

"लेकाला सांगू नकोस," मावशी हळूच म्हणाली. "तो मला उचलून नेईल. त्याच्याकडे मला काही कमी नाही गं, पण तिथे मी कोपऱ्यातली वस्तू होईन. इथे माझी खोली आहे. माझी खिडकी आहे."

"आणि झोपेत आग लागली तर? डोळे मिटल्यावर कुणाचे ओठ वाचणारेस?"

मावशीने सुईत नवा दोरा ओवला.

याचं उत्तर शिडीताईला शोधायचं होतं, आणि ते होतं. अशा कानांसाठी वेगळा अलार्म मिळतो. त्याचा आवाज किंचाळीसारखा नसतो, भोंग्यासारखा जाड असतो, तो बारीक आवाज गमावलेल्या कानांनाही पुष्कळदा पोचतो. त्याला डोळे दिपवणारा दिवा असतो, आणि उशीखाली ठेवायची एक चकती, जी धूर आला की माणसाला गदागदा हलवते. ती हे सगळं सांगायला मालकाकडे गेली. नमुन्याचा साधा अलार्म पिशवीत होताच.

"एका बाईसाठी वेगळा अलार्म?" मालक म्हणाले. "ताई, हे लाड झाले. वय सगळ्यांनाच होतं. माझं बघा, केस पिकले, पण कान अजून तरण्याताठ्याचे."

आणि कपाटाला कुलूप घालायला ते वळले.

शिडीताईने पिशवीत हात घातला आणि बटण दाबलं.

आवाज असा घुमला, की मालकीणबाई पदराला हात पुसत धावत बाहेर आल्या. "अहो, काय जळलं? काय जळलं?"

मालक कुलूप ओढून बघत होते. लागलंय ना, खात्री करत होते. वळले तर बायको समोर धापा टाकत उभी. "तू का धावतेस?" त्यांनी विचारलं.

पिशवी अजून किंचाळत होती. मालकीणबाईंनी पिशवीकडे पाहिलं, मग नवऱ्याकडे, आणि त्या मटकन खुर्चीत बसल्या. "मी माहेरी जाते तेव्हा हे घरी एकटेच झोपतात हो," त्या म्हणाल्या.

शिडीताईला टोमणा मारायचा होता. तयारही होता, जिभेच्या टोकावर. तो तिने गिळला. असं तिच्या हातून क्वचित होतं.

तसले दोन अलार्म आले. मग इमारतीतल्या दरेक म्हाताऱ्या माणसाला तिने अलार्मकडे पाठ करून बसवलं आणि बटण दाबलं, आणि आणखी मागवावे लागले. प्रत्येक दारात तीच गोष्ट. घरचे म्हणायचे, "आमच्या बाबांना सगळं ऐकू येतं," आणि बाबा अलार्मखाली पेपर वाचत बसलेले. घरच्यांचे चेहरे पांढरे पडायचे.

मावशीचा अलार्म बसवला तेव्हा तिचा लेकही आला होता. आता लपवण्यासारखं काही उरलं नव्हतं, म्हणून मावशीनेच बोलावलं होतं. ती पलंगावर आडवी झाली, डोळे घट्ट मिटले. शिडीताईने बटण दाबलं. उशी थरथरली, खोलीभर उजेड फटाफट उडाला, आणि मावशी ताडकन उठून बसली, केस विस्कटलेले, डोळे मोठे.

"अगं, ही तर शेडची फरशी!" ती म्हणाली. "माग चालू झाले की अश्शी हलायची!"

लेकाने उशीवर हात ठेवून ती थरथर पाहिली. मग म्हणाला, "आई, मी आता दर रविवारी येऊन हे बटण दाबणार."

"ये की. पण सांगून दाबू नकोस," मावशी म्हणाली. "सांगितलंस तर मी पुन्हा पास होईन."

तेव्हा आजच, दिवसाउजेडी, एवढं करा. तुमच्या घरातल्या वयाने मोठ्या माणसाला अलार्मकडे पाठ करून बसवा. आधी काही सांगू नका, दारात गर्दी करू नका, आणि त्यांच्या समोर कुणी कानांवर हात ठेवू नका. बटण दाबा आणि त्यांच्या मानेकडे बघा. मान हलली नाही तर त्यांच्यावर ओरडू नका. त्यांच्या कानाला पोचेल असा अलार्म आणा, आणि तो बसवल्याशिवाय त्या खोलीत त्यांना एकटं झोपू देऊ नका.