पंक्चरच्या टबात युफोनियम

वर्गणीदार बंधूंनो आणि भगिनींनो! जत्रा असो, जयंती असो, गणपती असो, पावती आपल्या हातात पडते आणि पैसे आपल्या खिशातून जातात. त्या पैशांचं काय करू, असं मात्र आपल्याला कुणी विचारत नाही. मग एके दिवशी आपल्याच पैशांची स्पीकरची भिंत आपल्याच दारात येऊन उभी राहते. फळीवरची भांडी खाली येतात, म्हैस दूध चोरते, आजारी माणूस उशीत तोंड खुपसतो. स्वतःच्या खर्चाने स्वतःच्या छातीत धडकी भरवून घेणारी आपल्यासारखी जमात जगात दुसरी नसेल.

म्हणून वडगाव निंबाळकरहून आबांचा फोन आला तेव्हा मी पिशवी भरूनच बोलायला बसलो. आबा म्हणजे सैन्याच्या बँडमधून निवृत्त झालेले हवालदार. आसपासचे निवृत्त वादक जमवून त्यांनी गावाचा बँड उभा करायला घेतला होता. अडलं होतं ते युफोनियमवर. हे पितळी वाद्य मांडीवर घेतलेल्या लेकरासारखं पोटाशी धरून वाजवतात आणि सगळ्या बँडला त्याच्या आवाजाचा आधार असतो.

"वाद्य निवडायला तीन माणसांचं बोर्ड केलंय, त्यावर एक भाईरचा लागतो," आबा म्हणाले. "ज्याचा कशात फायदा न्हाय असा."

"आबा, मला संगीतातलं ओ की ठो कळत नाही."

"म्हणून तर तुमी."

ग्रामसभेत ठरलेली अट मात्र जीवघेणी होती. बोर्डाने एकमताने वाद्य निवडलं तरच वर्गणी बँडला. नाही जमलं, तर त्या पैशांची भिंत. आणि बोर्डातले तिसरे सभासद होते दूध डेअरीचे चेअरमन तात्या, ज्यांच्या नातवाचं लग्न तोंडावर आलं होतं आणि ज्यांना भिंतच हवी होती!

जाणाऱ्यांसाठी सांगतो. स्वारगेटहून सासवड, जेजुरी, नीरामार्गे बारामतीची एसटी पकडा, वडगाव वाटेतच लागतं. पासष्टी ओलांडली असेल तर ओळखपत्र विसरू नका, अर्ध्या तिकिटात निम्मा जिल्हा दिसतो. गाळप सुरू असताना निघालात तर वेळेचा हिशोब करू नका. पुढे उसाच्या दोन ट्रॉल्या ओढणारा ट्रॅक्टर असतो, आणि त्याच्यावरचा स्पीकर एवढा मोठा की ऊस वाहायला ट्रॅक्टर घेतला की स्पीकर वाहायला, असा प्रश्न पडावा.

वडगावात आबांकडे पिठलं-भाकरी आणि डोळ्यांतून पाणी काढणारा ठेचा खाऊन सकाळी डेअरीच्या पिकअपमधून निघालो. तात्या चालवत होते, आबा मध्ये, मी खिडकीशी. दुधाचा आंबूस वास फुकट.

"सैन्यात एवढी महागडी वाद्यं घेतात कशी?" मी विचारलं.

आबांनी बसल्या जागी पाठ ताठ केली. "आधी काय पायजे ते लिवायचं. मग विकणाऱ्यानं दोन पाकिटं द्यायची. एकात वाद्याची माहिती, दुसऱ्यात किंमत. बोर्ड बसतं, मधी पडदा लावून वाजवून बघतं. पास झालेल्याचंच किमतीचं पाकीट फोडायचं. त्यात जो स्वस्त, त्याचं वाद्य."

"म्हणजे ऐकून झाल्याशिवाय भाव कळतच नाही?"

"न्हाय."

मी मनातल्या मनात आपल्या सगळ्या पुढाऱ्यांना पडद्यामागे उभं करून ऐकलं. एकही पास होईना.

बारामती ओलांडल्यावर वाट थोडी वाकडी करून कळसला गेलो. तिथले शिवाजीराव आबांच्याच बँडमध्ये होते, वयाने धाकटे. वाद्य वाजवून दाखवायला त्यांना घ्यायचं होतं. ते पेरूंची पिशवी घेऊन मागे हौद्यात, दुधाच्या कॅनवर बसले. "शिवाजी, आता खायचं न्हाय," आबा ओरडले. "पोट भरल्यावर दम पुरत न्हाय." शिवाजीरावांनी हातातला पेरू निमूट पिशवीत टाकला. दुसरा बहुधा तोंडात होता.

इंदापूरला हायवेलगत वाद्यांचं दुकान. मालक बोलायला मोठे गोड. त्यांनी दोन युफोनियम काढली, एक परदेशी बनावटीचं, वापरलेलं पण लखलखीत, आणि दुसरं मेरठचं, कोरं. किमतीची पाकिटं बंद करून तात्यांच्या खिशात गेली. मध्ये चादर बांधली, पलीकडे शिवाजीराव गेले, अलीकडे आम्ही तिघे पाठ करून बसलो.

पहिला आवाज आला तो रडक्या भोंग्याचा. दुसरा आला आणि अंगावर काटा उभा राहिला. आबांचे डोळे मिटलेले. "दोन नंबर," ते म्हणाले. "एक नंबर म्हंजे नुसता नळ हाय." दोन नंबर अर्थातच परदेशी निघालं.

तात्या उठले. "आबा, तुमचं वाजवून झालं. आता माझं. दुधाचा कॅन घेताना मी आधी गळतो का बघतो." आणि वाद्य काखेत मारून ते शेजारच्या पंक्चरच्या दुकानात!

"अवो, ते ट्यूब न्हाय!" आबा मागे धावले. तोवर तात्यांनी माउथपीसच्या जागी हवेची नळी चिंधीने कोंबली होती, दुसऱ्या तोंडात पोत्याचा बोळा कोंबला होता, आणि युफोनियम काळ्या पाण्याच्या टबात बुडालं होतं. पंक्चरवाल्याने हवा सोडली.

बुडबुडे आले. एका वळणाखालून, बारीक, सलग. तिथे चीर होती, झाळून वर चकाकी चढवलेली. दुकानमालक म्हणाले, जुन्या वाद्याला एवढं चालतंच.

"एक नळ, एक गळका," तात्या हात पुसत म्हणाले. "बोर्ड संपलं. चला, भिंतीची सुपारी देऊ."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मी हायवेच्या कडेला उभा राहून लोकांच्या पैशांवर, कानांवर, लोकशाहीवर घणाघाती बोललो. ट्रकमागून ट्रक जात होते. एक शब्द कुणाला ऐकू गेला नाही. तात्या कौतुकाने माझे हातवारे बघत होते.

तेवढ्यात शिवाजीराव पुटपुटले, "आबा, एक सांगू का? मी मेरठचं नीट फुंकलंच न्हाय."

"का?"

"तुमी रेजिमेंटमधी परदेशीच वाजवायचा. तुमच्या मनात तेच असणार. आता शिनियर माणसाच्या मनाइरुद्ध फुंकायचं कसं?"

"आरं गाढवा!" आबा कडाडले. "चादर कशापायी बांधली मग?"

"चादर बोर्डाला व्हती. मला चादरीआडबी तुमीच दिसत व्हता."

आबांनी शिवाजीरावांच्या हातून मेरठचं, ज्याला नळ म्हटलं होतं तेच वाद्य घेतलं आणि तिथेच टायरच्या ढिगावर टेकले. एकदा फुसकी हवा गेली. मग सूर लागला. रुंद, उबदार, न डगमगणारा. रसवंतीवरची माणसं उठून आली. एका ड्रायव्हरने गाडीचं इंजिन बंद केलं, हायवेवर याहून मोठा मान नाही. आबांनी धून पुरी केली आणि तात्यांकडे न बघता म्हणाले, "माझी चूक. नळ न्हाय ह्यो. लिवा."

"थांबा," तात्या म्हणाले, "ह्यालाबी टबात घाला."

घातलं. हवा सोडली. सगळे वाकून बघत राहिलो. पाणी हललंसुद्धा नाही.

"बघा तात्या," मी म्हणालो, "परीक्षा तुमची, टब तुमचा."

तात्यांनी काळ्या पाण्याकडे बराच वेळ रोखून पाहिलं. एकही बुडबुडा दया दाखवायला आला नाही. शेवटी त्यांनी पाकीट फोडलं, आकडा वाचला, आणि भुवया वर गेल्या. "आरं, ह्या भावात तर वर्गणीत आणखी दोन वाद्यं बसत्यात की!" सही करताना म्हणाले, "पण नातवाच्या वरातीला फुकट वाजवायचं."

"वरातीची टेस्ट घिऊन सांगतो," आबा म्हणाले.

उजनीच्या काठाला आहात तर चिलापी माशाचं कालवण खाल्ल्याशिवाय परतू नका. आम्ही खाल्लं. बिल तात्यांनी दिलं, आणि ते आपण देणार हे जेवण होईस्तोवर सुनावलं.

इंदापूरहून सोलापूर-पुणे गाडीने घरी आलो, त्याला महिना झाला. आवाजाविरुद्ध मी आजवर किती व्यासपीठं गाजवली, पण एक स्पीकर कमी झाला असेल तर शपथ. इंदापुरात मात्र एक अख्खी भिंत उभी राहायच्या आधी पडली, कारण आबांनी आपला शब्द चारचौघांत मागे घेतला आणि तात्यांनी आपल्याच पाण्याचा निकाल मानला. दोघांनाही ते जड गेलं. मला त्यांचा हेवा वाटतो.

तेव्हा मित्रहो, टाळ्या नकोत. येत्या ग्रामसभेत किंवा मंडळाच्या बैठकीत उठा आणि एवढंच मागा: वर्गणीतून वाद्य घ्या नाहीतर भिंत, आधी देणाऱ्या सगळ्यांसमोर वाजवून दाखवा, आणि त्यांचे हात वर झाल्याशिवाय एक पैसा देऊ नका. उत्तर मिळेपर्यंत खाली बसू नका.