पोरीचं जमलंय

आमच्या कॉलेजच्या ग्रुपवर रोज सकाळी कुणाचं ना कुणाचं भलं झालेलं असतं. कुणी तहसीलदार झाला, कुणाचं पोरगं जर्मनीला गेलं, कुणी बंगला बांधून वास्तुशांतीचे फोटो टाकले. सगळे त्याखाली लाईकचे अंगठे टाकतात. मी मात्र फोटो मोठा करून बघतो. बंगला त्याचाच का भाड्याचा? गाडी त्याच्या दारातली का शेजाऱ्याच्या? वाळूजच्या कंपनीत माझं कामच ते. आलेला माल आधी खोटा धरायचा, मग तपासायचा आणि मगच पास करायचा. बायको म्हणते, "तिकडं काय तपासायचं ते तपासा, घरी तरी माणसं तपासू नका."

पण माझा संशय काही उगाच नाही. पन्नाशी आली की वर्गमित्रांना एकमेकांची आठवण येते आणि ती फुकट येत नसते. एक आला, गळ्यात पडला, डोळ्यांत पाणी आणलं आणि उठताना विम्याचा कागद काढला. दुसऱ्यानं गुडघेदुखीची पावडर गळ्यात मारली, तिचा डबा अजून माळ्यावर पडलाय. तेव्हापासून माझं ठरलेलं. जुना मित्र घरी आला की आधी रडगाणं लावायचं आणि तो जो विषय काढील त्याला "झालंय आमचं" म्हणून मोकळं व्हायचं.

म्हणून 'हा' माझी चौकशी करतोय म्हटल्यावर मी सावध झालो. हा म्हणजे कॉलेजात माझ्या बाकावर बसणारा. मी पाचोडकडचा, धनगराचा पोरगा. आईबाप मेंढरांमागं, मला डबा कोण देणार? हा इथलाच, बौद्धांच्या घरातला. त्याची आई डब्यात दोन भाकरी जास्त घालायची, त्या माझ्या वाटच्या. तीन वर्षं मी त्या खाल्ल्या. पुढं तो शिक्षक झाला, मी कंपनीत लागलो, आणि एकाच शहरात राहून एक फोनसुद्धा राहिला नाही.

आणि आता एकदम कुठून उगवला? कोपऱ्यावरचा किराणावाला मला सांगतो, "एक सर आले होते. तुमच्याबद्दल विचारत होते. माणसं कशी, बोलणंचालणं कसं, घरात कटकट असते का." ग्रुपमधला एक फोन करून म्हणतो, "तुझे गावाकडचे भाऊ कसे आहेत, ते विचारत होता." मी बायकोला म्हणालो, "हा एक तर निवडणुकीला उभा राहतोय, नाहीतर प्लॉट विकतोय." ती नुसती हसली. आता ती का हसली, याचाही मला संशय आला.

रविवारी येतो, असा त्याचा निरोप आला. त्या दिवशी घरात भलतंच चाललं होतं. सोफ्यावर नवीन कव्हरं, शिऱ्याचा वास, आणि सख्ख्या मेव्हण्यालाही कधी न काढलेले कप बाहेर. सुट्टीच्या दिवशी उन्हं वर आल्याशिवाय न उठणारी आमची पोरगी अंघोळ करून, चांगला ड्रेस घालून ओट्यापाशी उभी.

"हे काय चाललंय?" मी विचारलं.

"तुमचे मित्र येताहेत ना," बायको म्हणाली.

"माझ्या मित्रांना तू पाण्याला पण विचारत नाहीस!"

ती परत हसली.

तो आला. केस पांढरे झालेले, इस्त्रीचा शर्ट, हातात कापडी पिशवी. माझी नजर पिशवीवरून हलेना. आता निघेल कागद, मग निघेल. तो सोफ्याच्या कडेवर अवघडून बसला आणि सारखा रुमालानं कपाळ पुसत राहिला.

"कसं काय येणं केलं?" मी म्हणालो.

"काही नाही रे. लई दिवसांचं मनात होतं."

झालं! विमावाल्यानं पण हीच सुरुवात केली होती. मी लगेच रडगाणं लावलं. कंपनीचं काही खरं नाही, छत गळतंय, बीपी वाढलंय. तो बिचारा हं हं करत राहिला. मग त्यानं घसा खाकरला. स्वयंपाकघरातली भांडी एकदम गप्प झाली.

"पोरीचं काय मग? बघताय का कुठं?"

लग्नाची पॉलिसी! सापडलास बेट्या, मी मनात म्हणालो, आणि तो पुढचं काही बोलायच्या आत विषयच मिटवला.

"जमलंय तिचं. आमच्या सोयऱ्यांतच. दिवाळीनंतर बार उडवून द्यायचा."

पिशवीकडं निघालेला त्याचा हात थांबला.

"असं व्हय," तो म्हणाला. "बरं झालं. आपापल्यात झालेलं बरं असतं."

शिरा त्यानं तसाच ठेवला, चहा अर्धाच घेतला. जाताना त्यानं मला हात जोडून नमस्कार केला. कॉलेजात आम्ही एकमेकांना कधी नमस्कार केला नव्हता. पिशवी तो परत घेऊन गेला.

दार लावून मी लई खुशीत वळलो. "बघितलं का, कसा वाटेला लावला?"

बायको भिंतीला टेकून उभी होती. पोरीच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

"पप्पा, माझं कुठं जमलंय?"

मग सगळं बाहेर आलं. त्याचा मुलगा आमच्या पोरीच्याच कंपनीत आहे. दोघांचं ठरलंय. तिच्या आईला सगळं माहीत. आमच्यात मुलीकडच्यांनी स्थळ घेऊन जायचं असतं, मुलाचा बाप आपण होऊन दारात येत नाही, त्यामुळं माझ्या डोक्यातच आलं नाही. पण पोरीनंच त्या मुलाला सांगितलं होतं, तुझे पप्पा आले तर माझे पप्पा नाही म्हणायचे नाहीत, जुनी दोस्ती आहे. आणि किराणावाल्याकडची चौकशी? ती तर सोयरीक जोडण्याआधी सगळेच करतात. पुतणीच्या वेळी मीसुद्धा पानटपरीवर उभा राहून केली होती.

"मला आधी सांगायला काय झालं होतं?" मी ओरडलो.

"सांगितलं असतं तर महिनाभर त्यांच्यात खोट काढत बसला असतात," बायको म्हणाली.

"पप्पा, सोयऱ्यांतच म्हणालात तुम्ही," पोरगी म्हणाली. "त्यांना वाटलं असेल, जात बघून नाही म्हणाले."

अगं, मी विम्याला नाही म्हणालो होतो! पण त्याला ते कसं कळावं? आपापल्यात झालेलं बरं, असं तो का म्हणाला ते मला आत्ता कळलं.

"आणि खरं सांगा," ती म्हणाली, "माहीत असतं तर काय म्हणाला असतात?"

खोटं कशाला बोलू? पहिल्यांदा मला गावाकडचे भाऊ आठवले. भावकी काय म्हणेल, जत्रेला कोणत्या तोंडानं जायचं, हेच आठवलं. भाकरी नंतर आठवली. याची मला इतकी लाज वाटली की मी खाली बघितलं. "हो म्हणालो असतो," मी म्हणालो. पोरीनं माझ्याकडं निरखून बघितलं, मी फोटो मोठा करून बघतो तसं. तिनं मला पास केलं का नाही, कळलं नाही.

त्याला फोन लावला, उचलला नाही. मग मी पेढे घेतले आणि गाडी काढली. त्याचं घर विद्यापीठाकडच्या बाजूला. आमच्या पुंडलिकनगरपासून तिथपर्यंत काय काय बोलायचं ते ठरवत गेलो आणि दारात सगळं विसरलो.

जाळीच्या दारामागं तो येऊन उभा राहिला. दार उघडलं नाही.

"कसं काय येणं केलं?" त्यानं विचारलं.

"स्थळ घेऊन आलोय. आमच्या पोरीचं, तुझ्या पोरासाठी."

"जमलंय म्हणालास ना?"

"अरे, तुला विमावाला समजलो मी!"

मला वाटलं हसेल. तो हसला नाही. माझ्या हातातल्या पेढ्यांकडं बघत राहिला.

"आणि तुझे भाऊ?"

"त्यांचं मी बघतो."

"बघशील?"

"बघतो."

मग त्यानं कडी काढली. आत बुद्धाच्या मूर्तीशेजारी त्याच्या आईचा फोटो होता. त्याखाली ती कापडी पिशवी तशीच ठेवलेली, वर साडीचा काठ दिसत होता. मी फोटोला हात जोडले आणि बसलो. तो उभाच राहिला. आत जावं का थांबावं, त्याचं ठरत नव्हतं.

"चहा टाकायला सांगतो," तो म्हणाला. मग थांबला, माझ्याकडं बघितलं. "आमच्याकडचा चालेल ना?"

ज्याच्या आईच्या हातची भाकरी मी तीन वर्षं खाल्ली, तो मला हे विचारत होता.