सोनटक्क्याच्या बुडाची राख

पहाटे चारला जालमसिंगचा दिवस सुरू व्हायचा. अंधारातच भाकर बांधून तो तोरणमाळचा चढ चढे आणि गिरधरशेठच्या लॉजवर पोचताच कुदळ उचले.

लॉजच्या मागे उतारावर झऱ्याचं पाणी झिरपे. तांबडी माती सदा ओली. शहाद्याच्या गिरधरशेठनी तिथे गुलाब लावले, मोगरा लावला. मुळं कुजून सगळं गेलं. आषाढात त्यांनी उताराकडे बोट दाखवून जालमसिंगला बजावलं, "आते अशी झाडे लाव, दरसाल लावनी पडाले नको. दसरालगून जगनात ते ठीक. नही ते आठे फरशी टाकी देसू."

"मग माझं काम, शेठ?"

"फरशीले माळी लागस का रे?"

काम गेलं, तर दसऱ्यानंतर ऊसतोडीची गाडी ठरलेली. बायको-पोरांसकट गुजरातेत पाचटाच्या खोपीत थंडी काढायची. डोंगरातल्या शेताच्या तुकड्यावर भागत नसे, म्हणून जालमसिंगने ते बरीच वर्षं केलं होतं.

शहाद्याजवळ प्रमिलाबाईंची रोपवाटिका होती. त्या म्हणाल्या, "भाऊ, खालच्या काळ्या मातीतलं वर नेऊ नका. वरची माती आंबट, शिवाय ओली. तिला मानवेल तेच घ्या."

त्याने जागा आठवून आठवून झाडं घेतली. पाणी साचतं तिथे वेखंड. त्याच्या वर कर्दळ, कडेने सोनटक्का. लॉजच्या सावलीत गुच्छागुच्छाने फुलणारे हायड्रेंजिया. सगळी वर्षानुवर्षं टिकणारी. गड्डे नि रोपं हातभर अंतराने, नीट ओळीत बसवले.

इथवर ठीक होतं. पण तरुणपणी तो म्हसावदला एका शेतावर सालदार होता. तिथे चुलीची राख वांग्या-मिरच्यांवर टाकायची रीत होती. हाताला तीच सवय. लॉजच्या चुलीची राख तो रोज टोपलीने आणून प्रत्येक झाडाच्या बुडाशी ओतू लागला. श्रावण सरता सरता हायड्रेंजियाची पानं पिवळी पडली. शिरा तेवढ्या हिरव्या. मग सोनटक्काही पिवळटला. त्याने आणखी राख ओतली.

एके दिवशी सरपण घेऊन त्याची बायको रूपलीबाई लॉजवर आली. तिने पाहिलं आणि कमरेवर हात ठेवला.

"हे काय ओतलंस?"

"खत."

"आमटीत मीठ घालतात म्हणून तू चहातही घालशील. नाल्याकाठच्या सोनटक्क्याला कोण राख घालतं? कसा माजलाय, बघितलास का?"

जालमसिंगला प्रमिलाबाईंचं बोलणं आठवलं. आंबट मातीतली झाडं मुद्दाम निवडून आणली होती, आणि राखेने त्याने तो आंबटपणाच मारला होता.

दुसऱ्या दिवसापासून तो राखाडी थर खरवडू लागला. ओली तांबडी माती कुदळीला चिकटते. दोन घाव घातले की पातं पुसावं लागतं. कोरड्या मातीपेक्षा ओल्या मातीची टोपली दुप्पट जड. मुळांजवळ कुदळ चालत नाही, तिथे बोटांनीच काढावं लागतं. घाई केली की मूळ तुटतं. मग रानातून झाडांखालची कुजलेल्या पाल्याची काळी माती डोक्यावर वाहिली आणि बुडाशी पसरली. काही हायड्रेंजिया गेलेच. उरलेल्यांना हिरवा कोंब आला.

दसऱ्याच्या आधी सोनटक्का फुलला. गिरधरशेठ आले, कडेने चालत शेवटपर्यंत गेले, मेलेल्या झाडांच्या रिकाम्या जागा पाहिल्या.

"आठे काय व्हयनं?"

"माझी चूक, शेठ. राख टाकली."

शेठनी उरलेल्या झाडांचे हिरवे कोंब पाहिले. "मंग आते नको टाकू," म्हणाले आणि चहा सांगायला गेले.

त्या वर्षी ऊसतोडीच्या गाडीत जालमसिंगचं कुटुंब चढलं नाही. बागेच्या मजुरीतून पुढच्या उन्हाळ्यात त्याने बैलजोडी घेतली आणि स्वतःचं डोंगरातलं शेत पहिल्यांदा स्वतःच्या बैलांनी नांगरलं.