वाकडा बोंबील

बासष्ट साल असेल. केळव्याला मासळी घ्यायला गेले की कोळ्याची एक आठ-नऊ वर्षांची पोर दिसायची. तिची मान सारखी झटक्यानं उडायची, मुलं हसायची. पण खरं दुखणं वेगळंच हो! वाळवायला काठीवर टांगलेला बोंबील सरळ वाटेपर्यंत ती पुन्हापुन्हा काढून घालायची. तोवर टोपलीतली टांगायची राहिलेली मासळी नासायची.

तिची आई म्हणाली, "मान उडू दे गो बाय, पन हात सुटत नाय. शालेत एकच अक्षर पुसत बसायची, म्हून काढली. हितंबी तेच."

शेवटी आईनं तिला कामावरून उठवलं. मांडीखाली हात दाबून पोर मला म्हणाली, "काकी, त्यो एक वाकडा हाय. तुमी सरळ करा ना."

मला सगळे सारखेच दिसत होते. मी एक सरळ केला.

"ह्यो नाय," ती रडवेली होऊन म्हणाली.